गुरुवारची लाइट, दोन पेट्या आणि एक लाल फाईल

पार्श्वभूमी

पुण्यात पेठेत आमचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. बांबू, सुतळी, मडकी, गोवऱ्या, पंचे, कापूर, तूप, तुळशीची माळ, बुक्का हे पहिल्यापासून होतंच. आता जोडीला शीतपेटी, शववाहिनी, गुरुजी, पालिकेचा पास अशी सगळी व्यवस्था एका फोनवर होते. पूर्वी प्रत्येक वाड्यात एक तरी माणूस असा असायचा की ज्याला तिरडी बांधता यायची आणि रडणाऱ्यांना बाजूला घेऊन कामाचं बोलता यायचं. वाडे गेले, तो माणूसही गेला. आता ते काम मी करतो, आणि त्याचे पैसे घेतो.

या कामात हसू येतं, हे आधीच कबूल करतो. एक गृहस्थ दुकानात मडकं घ्यायला आले. माठ घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, उन्हाकडे धरून आत डोकावले आणि विचारलं, "गळत नाही ना?" दोन तासांनी त्याच मडक्याला तीन भोकं पाडून ते खांद्यावर घेऊन फिरणार होते. मी "नाही हो, पक्कं आहे," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे एक पोरगा आला होता, आधी कपड्यांच्या दुकानात होता. त्याने पहिल्याच गिऱ्हाइकाला विचारलं, "साइज काय?" गिऱ्हाईक चिडलं. खरं तर प्रश्न बरोबर होता. तिरडी उंची विचारूनच बांधावी लागते. फक्त तो "माणूस उंच होते का हो?" असा विचारायचा असतो.

तर हे प्रकरण. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गेलेल्या आजोबांना आपण तात्या म्हणू. वय ८४, वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. घरी आजी, वय ७९. मुलगी, म्हणजे ताई, पुण्यातच, दहा मिनिटांवर. मुलगा कॅलिफोर्नियात. तात्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणतात, सदाशिव पेठेत. सोसायटी चार मजली, यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. महिना मे. वार बुधवार, आणि या गोष्टीत वाराला महत्त्व आहे.

पहाटे पावणेपाचला तात्या उठून बाथरूमला जाऊन आले, आजींशी दोन शब्द बोलले, परत झोपले. पावणेसहाला आजी चहा घेऊन गेल्या तेव्हा ते गेलेले होते.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता अडचण काहीच नव्हती. वय झालेलं, झोपेत मृत्यू, माणसं समजूतदार. आमच्या भाषेत हा "साधा फोन". मला साडेसहाला ताईंचा फोन आला तेव्हा मीही तसंच समजलो आणि नेहमीचे प्रश्न विचारले. डॉक्टर येऊन गेले का, पास काढायचाय का, लाकूड की दाहिनी, किती वाजता.

एकाही प्रश्नाचं उत्तर ताईंकडे नव्हतं. प्रत्येक उत्तरात "थांबा, विचारते" होतं, आणि कुणाला विचारायचं तेही ठरलेलं नव्हतं.

पहिला प्रश्न दाखल्याचा. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारपणात ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, नमुना ४ अ. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यात हा दाखला विनाशुल्क द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. दाखल्याशिवाय पास नाही, पासाशिवाय स्मशानात नोंद नाही. पुढे मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत करायची, ती याच कागदांवर. यांचे फॅमिली डॉक्टर दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून मुलाकडे बंगलोरला गेलेले. नवे कुणी धरलेले नव्हते, कारण तात्यांना नवीन माणसं आवडत नसत.

दुसरा प्रश्न मुलाचा. आपल्याकडे सकाळचे सहा म्हणजे कॅलिफोर्नियात मे महिन्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. त्याने पहिल्या फोनवर सांगितलं, "माझ्यासाठी थांबू नका." दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला आणि म्हणाला, "थांबा." दोन्ही वेळा तो खरंच बोलत होता.

तिसरा प्रश्न काकांनी आणला. ताई म्हणाल्या होत्या, "दादा नाही पोचला तर मी देते अग्नी." काका म्हणाले, "मी आहे ना अजून." मुलीने अग्नी देणं पुण्यात आता नवीन नाही, गुरुजीही हरकत घेत नाहीत. पण काकांना हरकत घ्यायची होती, कारण त्या सकाळी त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माणूस गेला की घरात चार जण असे उरतात ज्यांच्या हाताला काम नसतं, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. मी शक्यतो अशा माणसाला फुलं आणायला पाठवतो. त्या दिवशी काकांना पाठवलं नाही, ही एक चूक.

पर्याय

दाखल्याच्या बाबतीत ताईंच्या मनात सरळ मार्ग होता, ॲम्ब्युलन्स बोलावून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. १०८ चा नंबर लावायलाच घेतला होता. मी थांबवलं. जीव आहे की नाही अशी जराही शंका असेल तर ॲम्ब्युलन्सच बोलवावी, त्यात दुमत नाही. पण इथे शेजारच्या डॉक्टरीणबाई बघून गेल्या होत्या, अंग गार पडलं होतं. अशा वेळी हॉस्पिटलात नेलं की "आणण्यापूर्वीच मृत" अशी नोंद होते. मग पोलिसांना कळवणं, पंचनामा आणि बऱ्याचदा शवविच्छेदन. कुणाचा दोष नसतो, ती पद्धतच आहे. पण झोपेत गेलेल्या ८४ वर्षांच्या माणसासाठी घरच्यांनी दिवसभर शवागाराबाहेरच्या बाकावर बसायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं, "कुठल्याच डॉक्टरांचं औषध चालू नव्हतं का?" आजी आतून म्हणाल्या, "हृदयाचे डॉक्टर आहेत ना. ते मशीन बसवलंय त्यांनी."

या एका वाक्याने दोन कामं झाली. दाखल्याचे डॉक्टर सापडले, आणि मला कळलं की छातीत पेसमेकर आहे.

पेसमेकर हा आमच्या कामातला गंभीर विषय आहे. त्यातली बॅटरी आगीत तापली की फुटते. उघड्या चितेत फटाक्यासारखा आवाज होऊन लोक दचकतात. बंद दाहिनीत आतलं अस्तर तडकू शकतं आणि दार उघडणाऱ्या माणसाला इजा होऊ शकते. म्हणून दहनाआधी तो काढून घ्यायचा. कॉलरच्या हाडाखाली छोटी चीर देऊन काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण ते स्मशानात ऐन वेळी आठवलं तर मोठा गोंधळ होतो.

मुलासाठी थांबायचं की नाही, यात तीन वाटा होत्या. एक, बुधवारी दुपारीच उरकायचं आणि मुलाने फोनवर बघायचं. दोन, थांबायचं, पण तात्यांना हॉस्पिटलच्या शवागारात ठेवायचं. तीन, थांबायचं आणि घरीच शीतपेटी आणायची. मुलाला मिळालेलं विमान गुरुवारी दुपारी सव्वादोनला मुंबईत उतरणार होतं, म्हणजे घरी यायला संध्याकाळचे सात. मे महिन्यातल्या पुण्यात दीड दिवस.

मी शवागार सुचवलं. तिथे यंत्रणा पक्की असते, घरावर ताण नसतो, आणि येणारी-जाणारी माणसं सतत झाकण उघडून बघत नाहीत. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जन्मभर फिरतीची नोकरी केली त्यांनी. आता तरी घरी झोपू दे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेटी मागवली.

बुधवार

हृदयाचे डॉक्टर साडेनवाला आले. दोन महिन्यांपूर्वीच तपासणी झाली होती, कागद होते. त्यांनी दाखला दिला, आणि अकराच्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्याने येऊन पेसमेकर काढला. धुऊन, पुसून, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताईंच्या हातात दिला. आजींनी पिशवी उजेडात धरून पाहिली.

"याची बॅटरी अजून किती वर्षं होती?"

डॉक्टरांनी कागद पाहिला. "अजून सहा एक वर्षं चालली असती."

"म्हणजे मशीन चांगलं होतं," आजी म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी हसलं. मग आजीच हसल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदा रडल्याही.

आता पेटीची गोष्ट. आम्ही शीतपेटी म्हणतो, पण फोनवर सगळे नुसतं "पेटी" म्हणतात. पावणेबारापर्यंत माझ्या माणसाला ट्रॅफिकमुळे उशीर झाला होता आणि ताई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "पेटी आली का?" खालून वॉचमनचा फोन आला, "ताई, पेटी आलीये, वर पाठवू?" जावई म्हणाले, "पाठव, हॉलमध्ये जागा केलीय." दिवाण सरकवला, पंखा बंद केला, सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. दारात एक पोरगा आला. खांद्यावर लाकडी पेटी, फटींतून गवत बाहेर आलेलं. त्याने हॉलच्या मधोमध मोकळ्या केलेल्या जागेकडे बघितलं आणि पेटी बरोबर तिथे ठेवली. "हापूस. पाच डझन. तात्यांनी सांगितली होती. पैसे नंतर घेतो म्हणावं त्यांना."

आमच्या कामात हसू दाबायची सवय असते. मी खिडकीकडे वळलो. पण काकाच आधी फुटले. धोतराचं टोक तोंडात कोंबून हसत होते. सकाळपासून घरात जो ताण होता तो त्या पेटीने सैल केला, हे मी अनुभवाने सांगतो. काका नंतर अग्नीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. आंब्यांची पेटी खाटेखाली गेली, आमची पेटी बारा वाजता आली.

लाल फाईल

सव्वाएकला पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या. दारातच बसल्या, रडल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "फाईल बघितली का?"

कुणालाच काही माहीत नव्हतं. तात्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं, मुलाला नव्हतं, आजींनाही नव्हतं. मावशींना मात्र सांगून ठेवलं होतं, "मला काही झालं तर कपाटात विजेच्या बिलांखाली लाल फाईल आहे म्हणून सांग." घरात रोज न चुकता येणारं माणूस म्हणजे मावशी, असा इंजिनिअरचा हिशोब असावा.

फाईलमध्ये एकच कागद होता. अक्षर नकाशावरच्या नोंदीसारखं सुटं-सुटं. ताईंनी मोठ्याने वाचलं:

१. डोळे द्यावेत.
२. लाकूड जाळू नये. विद्युत किंवा गॅसची दाहिनी.
३. मुलाची वाट बघत बसू नये. तोही नोकरीचा माणूस आहे.
४. दहावा-तेरावा ज्याला हवा त्याने करावा. मी येणार नाही.
५. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर फोटो लावू नये. चेअरमनना भाषण करू देऊ नये.

पाचव्या कलमाला लोक हसले. मला पहिल्या कलमापुढे जाता आलं नाही.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. वयाची अट नसते, चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. नेत्रपेढीला फोन केला की माणसं घरी येतात. तोवर फक्त पापण्या मिटायच्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आधी अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीवर होतं, आणि अर्ज भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागतेच. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पावणेपाचला तात्या बोलत होते, म्हणजे कमीत कमी पावणेअकरापर्यंत वेळ होता. मी सव्वासातपासून त्या घरात होतो. दाखल्याचं विचारलं, पेसमेकरचं विचारलं, जिन्याची रुंदीसुद्धा विचारली. डोळ्यांचं विचारलं नाही. साधा फोन होता ना.

तरी मी नेत्रपेढीला फोन लावला. साडेआठ तास होऊन गेलेत हे ऐकून पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आता उपयोग नाही हो." मग नाव-पत्ता काही न विचारता म्हणाल्या, "पण फोन केलात, बरं वाटलं."

तिसऱ्या कलमावर खरी चर्चा झाली. मुलगा तोवर विमानात होता, त्याला विचारता येत नव्हतं. काकांचं म्हणणं, शेवटची इच्छा आहे, आत्ता न्या. ताई गप्प. अशा कागदाला मृत्युपत्रासारखं वजन नसतं, शेवटी जवळच्या नातेवाइकांनीच ठरवायचं, एवढंच मी सांगितलं. आजींनी कागद हातात घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "हे लिहिताना त्यांनी मला विचारलं होतं? नाही ना. मग मीही त्यांना विचारत नाही. थांबायचं."

त्या क्षणापासून प्रकरण सोपं झालं. ठरवणारं माणूस सापडलं होतं. सकाळपासून ते स्वयंपाकघरात सगळ्यांना चहा देत होतं, आणि आम्ही सगळे ताईंना विचारत होतो.

गुरुवार

पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी लाइट जाते ती गुरुवारी. पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं. मे महिन्यात पावसापूर्वीची कामं, फांद्या तोडणं वगैरे असल्यामुळे तासन्‌तास जाते. माझ्या हिशोबात हा गुरुवार यायला हवा होता. शवागाराचा आग्रह धरताना हा मुद्दा मांडला असता तर आजींनी कदाचित ऐकलंही असतं. मला तो बुधवारी रात्री झोपताना आठवला.

सकाळी १० वाजून २० मिनिटांनी लाइट गेली.

शीतपेटी बंद पडली तरी झाकण न उघडता काही वेळ गारवा टिकतो. पण झाकण बंद राहायला हवं. गुरुवारी सकाळी दर्शनाला रीघ होती. त्यात मे महिन्याची दमट हवा, काचेवर बाहेरून दव धरलं. तात्यांच्या एक मावसबहीण, वय ऐंशीच्या पुढे, काचेजवळ बसून पदराने ती पुसत होत्या. पुसली की चेहरा दिसे, दोन मिनिटांत पुन्हा धुकं. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आयुष्यभर असाच. नीट तोंड दाखवायचा नाही." आणि झाकण उचललं. साडेदहाला पेटीतल्या तापमानाचा आकडा ४ होता, अकराला ९.

जावयांना पेटीपाशी उभं केलं, झाकणाला कुणालाही हात लावू द्यायचा नाही या बोलीवर. शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर जोडून पाहिला. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो त्याला झेपेना, दोनदा ट्रिप झाला. राहिला सोसायटीचा जनरेटर. तो फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी.

चेअरमन साहेबांकडे मी आणि ताई गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "जनरेटरची लाइन खाजगी फ्लॅटला द्यायची तर कमिटीचा ठराव लागतो." मग थोडं थांबून, "आणि एक सांगतो. जनरेटर घेऊच नये, वर्षातल्या चार गुरुवारांसाठी हा खर्च कशाला, असं ज्यांनी मीटिंगमध्ये लावून धरलं होतं ते तात्याच. मिनिट्समध्ये आहे."

ताई काही बोलल्या नाहीत. चेअरमन उठले, आत गेले, मीटर रूमची किल्ली घेऊन आले आणि पायात चप्पल न घालताच खाली निघाले. लिफ्ट बंद केली, वायरमनला बोलावून लिफ्टच्या पॅनलवरून केबल ओढली, जिन्यातून दोन मजले वर आणली. कठड्याला केबल बांधायला काही सापडेना तेव्हा माझ्या पिशवीतली तिरडीची सुतळी कामाला आली. ११:२५ ला पेटी पुन्हा घुमू लागली. २:३५ ला लाइट आली तोवर चेअरमन मीटर रूमबाहेर खुर्ची टाकून बसून होते. लिफ्ट का बंद म्हणून भांडायला आलेल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंना त्यांनीच समजावलं. सोसायटीच्या वहीत नोंद केली ती मी वाचली: "जनरेटर ३ तास १० मि. लिफ्ट बंद. ठराव मागाहून घेणे. डिझेल फ्लॅटकडून घेऊ नये."

मुलगा सव्वासातला आला. विमानतळावरून थेट, पाठीला सॅक. कुणी काही बोललं नाही. काकांनी जावयांना खूण केली, जावयांनी झाकण उघडलं.

रात्रीच न्यायचं की सकाळी, हा शेवटचा निर्णय. दाहिनी रात्रीही मिळाली असती. गुरुजी म्हणाले, सूर्यास्तानंतर नको. मी आजींना विचारलं, थेट, या वेळी दुसऱ्या कुणाला नाही. त्या म्हणाल्या, "पोरगा आत्ता आलाय. रात्रभर बसू दे त्याला."

शुक्रवार आणि पुढे

सकाळी सातला वैकुंठ स्मशानभूमीत. चितेला साधारण ३०० किलो लाकूड लागतं, ते तात्यांच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे वाचलं. खांदेकऱ्यांत पुढे एका बाजूला सहा फुटी मुलगा आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम सव्वापाच फूट चेअरमन, त्यामुळे तिरडी सोसायटीच्या फाटकापर्यंत डावीकडे कलली होती. उंचीच्या जोड्या लावणं हे माझं काम. पण चेअरमन "मी पुढेच राहणार" म्हणून अडून बसले, आणि आदल्या दिवसानंतर त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. भाषण मात्र त्यांनी केलं नाही. पाचवं कलम त्यांच्या कानावर कुणी घातलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

ओट्यावर मडकं मुलाने खांद्यावर घेतलं, ताईंनी मागून दगडाने भोकं पाडली. एरवी हे काम काका करतात. काकांनीच दगड ताईंच्या हातात दिला. दाहिनीत साधारण तास-सव्वा तास लागतो. त्या वेळात मुलाने खिशातून पेसमेकरची पिशवी काढली आणि मला विचारलं, याचं काय करू? मी म्हटलं, कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरांना परत द्या किंवा ठेवा. त्याने ती परत खिशात ठेवली.

चौथं कलम असूनही आजींनी दहावा केला, ओंकारेश्वराच्या घाटावर. मी साडेसातची वेळ घ्यायला सांगितली होती. उशिरा गेलं की कावळ्यांची पोटं भरलेली असतात, मग दर्भाचा कावळा करायची वेळ येते. पिंडाशेजारी हापूसची फोड ठेवली होती. पहिला कावळा आला तो शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर गेला, दुसराही तिकडेच. तिसऱ्याने आमची फोड उचलली, पिंडाकडे बघितलंही नाही. गुरुजींना विचारलं, हे धरायचं का? गुरुजी म्हणाले, "धरा. ते येणार नाही म्हणाले होते ना? मग एवढं पुष्कळ झालं."

पुन्हा असा फोन आला तर

पाच गोष्टी मी वेगळ्या करीन, आणि केल्याही आहेत. दुकानातल्या फोनशेजारी पुठ्ठा लावलाय. त्यावर पहिला प्रश्न: किती वाजता गेले, आणि डोळ्यांबद्दल काही बोलले होते का? हा प्रश्न पास, गाडी, गुरुजी या सगळ्यांच्या आधी विचारायचा. आमचा कपड्यांच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "फोनवर पहिल्याच वाक्यात कसं विचारायचं?" मी त्याला वाक्य करून दिलं: "पापण्या मिटल्यात ना? पंखा बंद करा. डोळे द्यायचे असले तर अजून वेळ आहे." नको असेल ते नको म्हणतात. अजून कुणी रागावलेलं नाही.

दुसरं, पेसमेकर. तिसरं, घरी ठेवणार असाल तर उद्या वार कोणता. चौथं, घरात कामाला येणाऱ्या बाईंशी बोलायचं, नातेवाइकांइतकंच. पाचवं जरा अवघड आहे. ठरवणार कोण, हे सरळ विचारलं तर घरात ठिणगी पडते, सगळेच "मी" म्हणतात. मी आता विचारत नाही, बघतो. चहा कोण देतंय, किल्ल्या कुणाकडे आहेत, कोण बोललं की बाकीचे गप्प होतात. त्या माणसाजवळ जाऊन बसतो.

शवागाराबद्दल माझं मत अजूनही तेच आहे. मे महिन्यात घरी दीड दिवस ही जोखीम होती आणि ती चेअरमनमुळे निभावली. पण मुलगा रात्रभर त्या पेटीशेजारी बसला होता, हे शवागारात झालं नसतं. दोन्ही खरं आहे, आणि पुढच्या घरी मी काय सुचवीन ते त्या घरातल्या आजी बघून ठरवीन.

महिन्याभराने दुकानात फोन आला. पोरग्याने उचलला, पुठ्ठ्यावरचं पहिलं वाक्य म्हटलं आणि गोंधळून माझ्याकडे दिला. आजी होत्या.

"अहो, कुणी गेलेलं नाही. माझं नाव लिहून ठेवा तुमच्याकडे. डोळे पहिले, बाकीचं मग मुलं बघतील."

मी म्हटलं, लिहितो.

"आणि मी शक्यतो गुरुवार टाळीन."